शेवाळाला शिवलेलं वस्त्र

ही गोष्ट २०२३ सालच्या आश्विन-कार्तिकातली. त्या वर्षी मला ऐंशी पूर्ण झाली होती. गुडघे गेले होते, पण सुईत दोरा ओवण्याइतकी नजर शाबूत होती. ती नसती तर आमच्या घरातली एक पोरगी आज उजव्या हाताने जेवू शकली नसती.

मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या विठ्ठल मंदिरात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसे. बन्नूरहून बसने, वरुणेहून दुधाच्या बाइकवर माणसं येत. गाभाऱ्याच्या बाजूला काचेची एक पेटी मांडली होती. पेटीत पाणी, तळाला वाळू, वाळूवर लिंबाहून मोठा हिरवागार गोळा. वरून टांगलेला पांढरा दिवा डोळे दिपवत होता. सकाळी दिवा लागला की भजन सुरू होई. टाळ-मृदंगाचा तास-दीड तास गजर झाला की गोळ्याच्या अंगावर मोत्यांसारखे बुडबुडे दिसू लागत. मग गोळा जागच्या जागी डुले, एका बाजूला कलंडे, आणि हळूहळू वर येऊन पाण्यावर तरंगू लागे.

"उठला! देव उठला!"

एवढं ओरडणं व्हायचा अवकाश, लोक पेटीकडे धावत. बायका घुमू लागत. एक गृहस्थ फरशीवर कपाळ आपटत राहिले, रक्त नाकावर ओघळलं तरी थांबेनात. पहिल्याच आठवड्यात रेटारेटीत एका म्हातारीची बोटं दारात चेंगरली. तिची किंकाळी टाळांच्या वर ऐकू आली.

"प्रारब्ध गेलं तिचं! नोडी, बघा, बोटांवर भागलं!" जलानंद महाराज म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या पिटल्या.

हे महाराज म्हणजे चाळिशीचा, निळं रेशमी उपरणं घेतलेला, अत्तराचा घमघमाट सुटलेला माणूस. मराठी, कन्नड, इंग्रजी एकाच श्वासात बोलायचा. "भक्तहो, याला झाडपाला म्हणाल तर जीभ झडेल! हा जिवंत शाळिग्राम! हिमालयाच्या पोटात, जिथं सूर्याचा किरण जात नाही, अशा सरोवरात हा वाढतो. भजनाचं व्हायब्रेशन लागलं की पांडुरंग श्वास घेतो. रात्री शेजारती झाली की झोपायला खाली जातो. अमेरिकेचे सायंटिस्ट डोकं धरून बसलेत!"

मी पुढेच बसले होते. म्हटलं, "सूर्य जात नाही तिथं वाढतो, तर त्याच्या डोक्यावर एवढा मोठा दिवा कशाला?"

"अज्जी, देवाला अंधारात बसवायचं का?" महाराज गोड हसले. सगळं मंदिर हसलं. मंदिराच्या समितीचा अध्यक्ष म्हणजे माझाच मुलगा सत्यनारायण. तो माझ्या कानाशी येऊन दात आवळून म्हणाला, "अम्मा, सुम्ने इरु! लोक बघताहेत."

गप्प बसले. पण दिवा काही डोक्यातून गेला नाही.

पुढे महाराजांनी निवडक घरांत एकेक शाळिग्राम दिला. देताना अट घातली की घरातल्या एकाच सवाष्णीने त्याची सेवा करायची. गोळा हिरवा राहिला तर घर पवित्र. काळवंडला तर त्या बाईच्या हातात पाप.

आमच्या घरी ही सेवा सुप्रीताकडे आली. सुप्रीता माझी नातसून, सत्यनारायणच्या मुलाची, सुदीपची बायको. बन्नूरची लेक, जेमतेम पंचविशीची. ब्लाउजवर असं आरीकाम, म्हणजे आकड्याच्या सुईचं भरतकाम, करायची की दसऱ्याच्या आधी गिऱ्हाइकं जिन्यात बसून राहत. तिच्याइतकी भाविक पोर आमच्या घरात दुसरी नव्हती, आणि घात झाला तो तिथेच. दुसऱ्यांनी गोळा भांड्यात टाकून दिला आणि विसरून गेले. हिने त्याला देवाचं सगळं केलं. वाडगा देवघरात, पडद्याआड ठेवला. रोज स्नानानंतर पाण्यात दुधाची धार, मधाचं बोट, चिमूटभर हळद-कुंकू, वर तुळस. आमच्यात देवाला पंचामृताशिवाय ठेवायचं कुणाला सुचणार?

गोळा आधी पिवळट झाला, मग तपकिरी. मग देवघरातून नासक्या दुधाचा वास येऊ लागला.

सुदीपने पडदा ओढला, वास घेतला आणि खाली आमच्या शिंपीकामाच्या दुकानातून कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन वर आला. मी स्वयंपाकघरात होते. पहिला फटका मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

"काय पाप केलंस? बोल! कुणाचं काय खाल्लंस?"

"देवराणे, देवाशप्पथ, काही नाही केलं! रोज दूध घालते मी, रोज..."

"दूध घालते! देव कुजला आमच्या घरात!"

मी पोचेपर्यंत ती कपाटाला टेकून बसली होती, हात डोक्यावर. मनगट सुजलं होतं, कानामागून रक्त गळ्यात उतरत होतं. मी दोघांच्या मध्ये शिरले. ज्या पोराला मी मांडीवर घेऊन काजवे दाखवले, त्याने मला कोपराने बाजूला सारलं. माझं डोकं चौकटीवर आपटलं.

"सुदीपा, मला मार आधी," मी म्हटलं.

त्याने गज खाली टाकला. माझी कीव आली म्हणून नव्हे. दारात महाराज उभे होते, सत्यनारायणने त्यांना बोलावून आणलं होतं.

महाराजांनी वाडग्यात डोकावून नाक मुरडलं आणि डोळे मिटले. "या घरात दिव्य करावं लागेल. पापी हातावर कापूर जळतो. निष्पाप हातावर कापूर थंड होतो. साधी गोष्ट."

"कापूर कुणाच्याही हातावर जळतो," मी ओरडले. "आधी तुमच्या हातावर ठेवा!"

"अम्माला आत न्या," महाराज म्हणाले. आणि माझ्या मुलाने मला आत नेलं. सुदीपने बायकोचं मनगट धरलं. तिची ती किंकाळी मी अजून ऐकते. घरभर कापराचा वास, आणि त्याखाली दुसरा एक वास. तो मी लिहीत नाही.

बाहेर आले तेव्हा महाराज निघाले होते. जाता जाता म्हणाले, "डावा हात दोषी ठरला. एकादशीला देवासमोर उजव्याची पाळी. तोही जळला तर हिला या घरात ठेवायचं नाही. आयतु? झालं ना?"

सत्यनारायणने मान हलवली. उजवा हात म्हणजे सुप्रीताचा सुईचा हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणालाही न विचारता, मी तिला ऑटोत बसवून डॉक्टर तारांच्या दवाखान्यात नेलं. या ताराबाई साताऱ्याच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे दहा-बारा वर्षांपूर्वी इकडे आलेल्या. आमच्या गल्लीत त्यांच्या शुद्ध मराठीची नक्कल करतात, पण ताप आला की धावतात त्यांच्याकडेच. त्यांनी हात बघितला आणि जखम धुवायला घेतली. सुप्रीता ओठ चावून छताकडे बघत राहिली.

मी तोंड फिरवलं. समोर काचेची मोठी पेटी होती. त्यात लाल-निळे मासे. आणि माशांच्या मध्ये हिरवे, गुबगुबीत, लिंबाहून मोठे तीन गोळे.

"अय्यो! डॉक्टर, तुमच्याकडे तीन-तीन देव?"

"कसले देव?"

मी बोट दाखवलं. त्या हसल्या, आणि मग सुप्रीताच्या हाताकडे बघून त्यांचं हसू मावळलं. "आजी, हे शेवाळ आहे. थंड सरोवरांत तळाशी लोळून लोळून असं गोल होतं. लोक शोभेला फिश टँकमध्ये ठेवतात. ऑनलाइन मिळतं."

"मग हे भजनाला वर येतात ते?"

"भजनाला नाही, उजेडाला. झाड उजेडात प्राणवायू सोडतं ना? याच्या तंतूंमध्ये त्याचे बुडबुडे अडकतात. पुरेसे अडकले की गोळा हलका होऊन वर येतो. अंधार झाला, बुडबुडे निघून गेले की खाली बसतो. माझ्याकडे रोज हेच चालतं, पेशंट बसून बघतात."

सुप्रीता पहिल्यांदा बोलली. "मग माझा का काळा झाला, डॉक्टर?"

"तू काय केलंस त्याला?"

तिने दूध, मध, हळद-कुंकू सगळं सांगितलं. ताराबाईंनी डोळे मिटले. "अगं पोरी, त्याला काहीच घालायचं नसतं. साधं पाणी, तेही रात्रभर उघडं ठेवलेलं, म्हणजे नळाचा क्लोरिन उडून जातो. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पाणी बदलायचं. हलक्या हाताने पिळायचं, तळव्यावर फिरवून गोल करायचं. खिडकीजवळ सावलीत ठेवायचं, कडक उन्हात नाही. दुधाने ते नासलं, पडद्याआड गुदमरलं. पापाचा काही संबंध नाही. तू फार जपलंस, एवढंच."

सुप्रीता रडू लागली. हात जळताना रडली नव्हती एवढी रडली.

"पोलिसांत चला," ताराबाई म्हणाल्या. "कर्नाटकात यासाठी कायदा आहे."

"जाऊ," सुप्रीता म्हणाली. "पण मी नुसती गेले तर गल्ली म्हणेल, पापी होती, पळाली. माझ्या हातून कुणी ब्लाउज शिवून घेणार नाही. त्यांनी बघायला पाहिजे, अज्जी. सगळ्यांनी."

ती हे बोलली आणि मला गोदा आठवली. गोदा माझ्या लहानपणची मैत्रीण, शेजारच्या दाराची. मी दहा वर्षांची असेन. त्या काळी माझ्या माहेरच्या गल्लीत मोजक्या घरांत वीज होती, वडिलांच्या दुकानात हातमशीनचा आवाज दिवसभर चाले, आणि आम्ही दोघी चिंध्यांच्या बाहुल्या करून दसऱ्याची मिरवणूक काढायचो. गोदाला फिट येत. तिच्या अंगात कुणीतरी शिरलंय असं ठरलं. मांत्रिक आला, त्याने तिला अंगणातल्या खांबाला बांधलं आणि कडुनिंबाच्या ओल्या फोकांनी मारलं, सकाळपासून. अंगणात सगळी मोठी माणसं होती, आणि कुणाचा आवाज निघाला नाही. संध्याकाळी मांत्रिक म्हणाला, भूत गेलं. गोदाही गेली होती. तिच्या बाहुल्यांची मिरवणूक आमच्या पायरीवर तशीच मांडलेली राहिली.

आता त्या मोठ्या माणसांच्या जागी मी होते.

आमच्या घराचा एक मान आहे. माझ्या आजेसासऱ्यांपासून दर कार्तिकी एकादशीला मंदिरातल्या देवाचं नवं वस्त्र आमच्याकडून जातं. चार महिन्यांची झोप संपवून देव उठतो तो आमच्या हातचं नेसून. आमच्याकडचं वस्त्र नाकारायची आजवर कुणाची हिंमत झाली नाही.

मी विठ्ठलाचं पीतांबर शिवलं. मग काळी मखमल काढली, जाड, दुहेरी अस्तराची, आणि त्या काचेच्या पेटीचं वस्त्र शिवलं. चारी बाजूंनी झाकेल, वरूनही झाकेल असं. काठाला जर लावली. एवढा सुबक अंगरखा मी आयुष्यात शिवला नव्हता.

एकादशीला मंदिर फुटायच्या बेतात होतं. गाभाऱ्यासमोर तांब्याची ताटली, ताटलीत कापराच्या वड्या. सुप्रीताला मधोमध बसवलं होतं, डाव्या हाताला पट्टी. बाजूला पूर्वेच्या खिडकीत, कोवळ्या उन्हात, एक काचेचा वाडगा होता. तिने तो स्वतः उजव्या हाताने भरला होता, साध्या पाण्याने. आत ताराबाईंचा एक गोळा, तळाशी. फुलांच्या परड्यांमध्ये तो कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. ताराबाई बायकांत बसल्या होत्या.

विठ्ठलाला पीतांबर नेसवून झालं आणि मी मखमल उलगडली. "हे जलदेवाचं. आमच्या घराचा मान आहे."

महाराजांचा चेहरा उतरला. "नको, नको अज्जी! जलदेव दिगंबर आहेत. वस्त्र चालत नाही."

"का चालत नाही?" मागून एक म्हातारा ओरडला. "या घरचं वस्त्र देव घेतो! शंभर वर्षांचा मान आहे तो!"

"बेड अंद्रे हेगे?" दुसरा म्हणाला. नको म्हणजे काय! गर्दी कुरकुरली. सत्यनारायण स्वतः उठला, मखमल माझ्या हातून घेऊन त्याने पेटीवर चढवली. घराण्याच्या मानापुढे माझा मुलगा महाराजांनाही ओळखत नव्हता.

दिवा वर लागलेलाच होता. त्याचा उजेड मखमलीवर पडून तिथेच विरत होता.

भजन सुरू झालं. त्या दिवशी लोक जीव तोडून गायले. महाराज घामाने भिजले होते, सारखे वस्त्राकडे हात नेत, आणि दरवेळी कुणीतरी म्हणे, "महाराज, आरतीआधी वस्त्र काढायचं नसतं." दीड तास उलटून गेला. आरती झाली. सत्यनारायणने वस्त्र उचललं.

गोळा वाळूवर पडला होता. हललासुद्धा नव्हता.

मग महाराज किंचाळले, "पापी बसलीय इथं! तिच्यामुळे देव उठत नाही! ती बघा!"

माणसं उसळली. सुदीपने सुप्रीताचे केस धरून तिला ओढलं, कुणीतरी तिच्या पाठीत टाळ मारला, कुणी कापूर पेटवला. मी काठी फिरवली, कुणाच्या नडगीवर बसली ठाऊक नाही. माझ्या आयुष्यातला सगळा आवाज गोळा करून मी ओरडले.

"त्या खिडकीत बघा आधी! पापिणीच्या हातचा देव बघा!"

जे पुढे होते त्यांनी पाहिलं. उन्हात, वाडग्याच्या अगदी वर, हिरवा गोळा अंगभर बुडबुडे घेऊन तरंगत होता.

"हा वाडगा तिने भरलाय," ताराबाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. "याच हाताने. आणि हे शेवाळ आहे, देव नाही."

महाराजांनी झेप घेतली आणि वाडग्यावर हात मारला. काच फुटली. ताराबाईंच्या दंडातून रक्ताची धार लागली, गोळा फरशीवर आपटून पायांत गेला. त्यांनी पदर दंडाला गुंडाळला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "हा फोडलात. तुमची पेटी शिल्लक आहे. वस्त्र काढलंय, दिवा चालू आहे. आता कुणी भजन म्हणायचं नाही. टाळ नाही, मंत्र नाही. पापी समोरच बसेल. थांबू या."

"नाटक आहे हे!" महाराज दाराकडे सरकले. दारात माणसं होती, सरकली नाहीत.

सगळे थांबले. एवढी माणसं एवढा वेळ गप्प बसलेली मी कधी पाहिली नाहीत. बाहेर फुलवाली गजऱ्यांचा भाव सांगत होती, तेवढंच ऐकू येत होतं. सुप्रीता पेटीसमोर बसली होती, केस सुटलेले, ओठ फाटलेला. कापूर जळून विझला. हळूहळू गोळ्यावर पहिला बुडबुडा चमकला. मग दुसरा. मग सगळं अंग मोत्यांनी भरलं. गोळा डुलला, कलंडला, आणि कुणीही न गाता, पापिणीच्या डोळ्यांसमोर वर आला.

"दिवा," सत्यनारायण पुटपुटला. "अम्मा, तू दिवा म्हणाली होतीस."

"होडीरी अवन्न!" कुणीतरी गरजलं. मारा त्याला! आणि तीच माणसं, तेच हात, महाराजांवर तुटून पडले. टाळांनी, समईने, लाथांनी. निळं उपरणं फाटलं, दात फरशीवर पडला. पेटी कुणाच्या तरी धक्क्याने आडवी होऊन फुटली आणि पाणी रक्त घेऊन पायरीवरून वाहिलं. सुदीपने कापराची ताटली उचलली. "धरा याचा हात! याच्या हातावर ठेवतो!"

त्याच्या आडवी आली सुप्रीता.

"ठेवू नको. जळतो तो. सगळ्यांच्या हातावर जळतो."

सुदीपच्या हातातून ताटली पडली. मी त्या गर्दीला म्हटलं, "तासापूर्वी तुम्ही हिला जाळणार होता, आता याला जाळताय. तुम्हाला खरं-खोटं काही नको, हाताखाली कुणीतरी पाहिजे! घरी जा. जाताना प्रत्येकाने विचार करा, गेला महिनाभर त्या दिव्याकडे एकदा तरी का बघितलं नाही."

पोलिस ताराबाईंनी बोलावले.

महाराजांचं खरं नाव उपेंद्र. बंगळुरात तो हॉटेलांतल्या, ऑफिसांतल्या फिश टँक साफ करायची कामं घ्यायचा. शेवाळाचे गोळे कसे सांभाळायचे हे त्याला उत्तम ठाऊक होतं. खटला चालू आहे, तो जामिनावर आहे. पुढचे दात नवे बसवलेत असं ऐकते.

सत्यनारायणने अध्यक्षपद सोडलं. मंदिरात जातो, मागे बसतो. सुप्रीताच्या वाढदिवसाला बन्नूरला तिच्या घरी जाऊन दारातच उभा राहतो, ती आत बोलावते तेव्हाच आत जातो.

सुदीपवर सुप्रीताने तक्रार केली, आणि साक्ष मी दिली. तो आता हुबळीत असतो. फोन करतो. मी उचलते, जेवलास का विचारते, त्यापुढे बोलत नाही. ज्या दिवशी तो सुप्रीताच्या हाताबद्दल विचारेल, त्या दिवशी बोलेन.

ताराबाईंच्या दंडावर वण आहे. दवाखान्यात आता दोनच गोळे आहेत आणि पेटीखाली पाटी आहे: "हे शेवाळ आहे. नमस्कार करू नये." तरी काही जण करतात.

काळी मखमल मी माझ्या शिवणयंत्रावर घालते.

सुप्रीता बन्नूरला मुलींना आरीकाम शिकवते. डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, कापड धरायला तिने लाकडी चौकट करून घेतली आहे. मंदिरातल्या फुटक्या पेटीतला गोळा तिने उचलून नेला होता. तो तिच्या खिडकीत, सावलीच्या बाजूला आहे. मागच्या महिन्यात गेले तेव्हा ती पाणी बदलत होती. तिने गोळा हलकेच पिळला आणि त्या भाजलेल्या तळव्यावर ठेवून गोल गोल फिरवू लागली. शिकायला आलेल्या एका मुलीने विचारलं, "अक्का, हा देव आहे ना? वर-खाली होतो तो?"

"पडदा लाव आणि तूच बघ," सुप्रीता म्हणाली.

वाचणाऱ्यांनो, माझंही एवढंच मागणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी, आणि कुणावर उगारण्याआधी, एकदा दिवा विझवून बघा.